पाऊण सीसी आणि करंजेल

दिवाळीनंतर जरा थंडी पडली आणि माळ्यावरचा खोका खाली काढला, तर इंधनाच्या बाटलीत दोन थर झालेले. वर पातळ, पाण्यासारखं. खाली दोन बोटं घट्ट, पिवळसर, बाटली तिरकी केली की मधासारखं सावकाश सरकणारं. मे महिन्यात ठेवली तेव्हा सगळं एकजीव होतं, चहाच्या फिकट कोऱ्या रंगाचं. बूच नीट बसलं नव्हतं एवढंच झालं होतं. पण त्या बाटलीने मला जे शिकवलं ते इतकी वर्षं हे इंजिन चालवून कळलं नव्हतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

इंजिन म्हणजे मॉडेल विमानाचं डिझेल इंजिन. पाऊण सीसी. खरंच पाऊण, ०.७५. मुठीत बसतं. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर मिल्स नावाचं छोटं इंजिन निघालं होतं, त्याच्या नकला कोलकात्यात बनायच्या आणि तिथून देशभर जायच्या, माझं त्यातलंच. पुण्यात कॉलेजला असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो, तिथे कंट्रोल लाइनची विमानं उडवायला शिकलो, म्हणजे हातात हँडल, दोन तारा, आणि विमान आपल्याभोवती गोल फिरतंय. तेव्हा पैसे साठवून हे घेतलं. विमानं मोडली, परत बांधली, परत मोडली, इंजिन तेच आहे.

याला स्पार्क प्लग नाही, बॅटरी नाही, वायर नाही. खऱ्या डिझेलसारखा पंप-नोझलही नाही. हवा आणि इंधन बाहेरच मिसळून एकत्र आत जातं, पिस्टन ते दाबतो, दाबल्यावर गरम होऊन ते आपोआप पेटतं. सिलेंडरच्या वरच्या टोकाला अजून एक छोटा पिस्टन घट्ट बसवलेला असतो, काँट्रा पिस्टन म्हणतात त्याला, त्याच्या डोक्यावर स्क्रू, स्क्रूला आडवी काडी. काडी फिरवली की काँट्रा पिस्टन खाली सरकतो आणि कॉम्प्रेशन वाढतं. म्हणजे इंजिन चालू असताना त्याचं कॉम्प्रेशन दोन बोटांनी कमी-जास्त करता येतं! हे मला आजही नवलाचं वाटतं. आणि सुई, म्हणजे इंधन किती जायचं ते. बस, एक स्क्रू आणि एक सुई, बाकी सगळं कानावर.

आता यात घालायचं काय? वर्षानुवर्षं चालत आलेलं प्रमाण साधं आहे, ढोबळमानाने एक भाग ईथर, एक भाग रॉकेल, एक भाग एरंडेल. पुढे लोकांनी एरंडेल थोडं कमी केलं, रॉकेल वाढवलं, वर लवकर पेट घ्यावी म्हणून एक-दोन टक्के नायट्रेटचं पूरक घालायला लागले, पण सांगाडा तोच. रॉकेल ताकद देतं, किलोमागे साधारण ४३ मेगाज्यूल. ईथरमध्ये उष्णता त्यापेक्षा बरीच कमी, ३४ च्या आसपास, पण ते पेटायला एका पायावर तयार असतं, १६०-१७० अंशांलाच आपोआप पेट घेतं, रॉकेलला त्यासाठी २०० च्या वर जावं लागतं. आणि एरंडेल वंगणाला. टू-स्ट्रोक असल्यामुळे क्रँककेसमध्ये वेगळं ऑइल नसतं, जे काही तेल मिळायचं ते इंधनातूनच. एरंडेलाचा थर गरम पिस्टनवरही तुटत नाही, म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या फिरत्या सिलेंडरच्या विमान इंजिनांतसुद्धा हेच तेल वापरायचे. लहानपणी पोट साफ करायला आजी जे पाजायची तेच हे, आणि ते जळल्याचा वास एकदा नाकात बसला की आयुष्यभर ओळखू येतो.

मी इतकी वर्षं असं समजत होतो की तिघांची तीन कामं वाटून दिलेली आहेत. ईथर पेटवणार, रॉकेल ओढणार, एरंडेल सांभाळणार. पण ती दुभंगलेली बाटली हातात घेऊन उजेडात धरली तेव्हा प्रकाश पडला. एरंडेल हे बाकीच्या खाद्यतेलांसारखं नाही, रॉकेलमध्ये ते नीट विरघळतच नाही, थोडं मिसळतं आणि जास्त झालं की वेगळं होऊन तळाशी बसतं, थंडीत तर फारच. त्या दोघांना एकत्र धरून ठेवणारं ईथर होतं. ईथर ३५ अंशांच्या आतच उकळतं, आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये खोलीतच तेवढं तापमान असतं, सैल बुचातून ते सगळं उडून गेलं आणि मागे राहिलेल्या दोघांनी आपापले थर धरले. पेटवणं हे ईथरचं एक काम, बांधून ठेवणं हे दुसरं, आणि हे दुसरं काम ते गेल्याशिवाय दिसलंच नाही मला.

(मे मध्ये ते इंधन तसंच माळ्यावर ठेवणं ही घोडचूक होती, हेही सांगून टाकतो. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत लांबपर्यंत सरकत जाते, आणि कुठे देवघरात समई तेवत असेल तर संपलंच. शिवाय हवा लागून जुनं झालेलं ईथर आतल्या आत पेरॉक्साइड बनवतं, ते स्फोटक असतं. आता मी लागेल तेवढंच आणतो, गडद बाटलीत, घरापासून लांब सावलीत ठेवतो आणि उरलेलं पुढच्या सीझनला अजिबात वापरत नाही.)

तर नवं इंधन बनवायला निघालो आणि रॉकेल मिळेना. घरोघरी गॅस आला, रेशनचं निळं रॉकेल बंद होत गेलं, मी आपलं खुल्या बाजारातलं पांढरं घ्यायचो ते ज्या दुकानात मिळायचं तिथे आता रंगाचे डबे आहेत. दुकानदार म्हणाला, "रॉकेल कोण वापरतंय आता?" मला वाईट वाटलं. ज्या वस्तूच्या वासावर आमच्या पिढीचं अख्खं बालपण गेलं, स्टोव्ह, कंदील, रेशनची रांग, प्लॅस्टिकचा कॅन, ती अशी कधी निघून गेली कळलंच नाही.

मग विचार केला की त्याच्या जागी दुसरं काय चालेल. पहिल्यांदा पंपावरचं डिझेल घालून बघितलं. चालतं. धूर जास्त, वास वाईट, बाहेर पडणारं तेल काळपट, आणि आवाजात एक खरखर. चालतं पण आवडलं नाही. दुसरा प्रयोग शेंगतेलाचा, आणि इथे तात्यांचा संबंध येतो.

तात्या म्हणजे माझे वडील, वय पंच्याऐंशीच्या पुढे. उमेद होती तोवर त्यांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे पार्ट बनवले आणि सीझनला गावोगावच्या गुऱ्हाळांवर जाऊन इंजिनं दुरुस्त केली. पूर्वी उसाचा चरक ऑइल इंजिनावर फिरायचा, रात्रंदिवस ती टक-टक-टक चालायची, आणि तात्या म्हणायचे की झोपेत ठोका चुकला तरी जाग येते. डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलायचा म्हणजे आतला दाब सुटतो, हँडल मारून जड व्हील जोरात फिरवायचं, मग लिव्हर सोडायचा, एक मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज आणि इंजिन लागलं. थंडीत लागेना तर थोडं ऑइल आत सोडायचं म्हणजे पिस्टनच्या कडा बंद होऊन कॉम्प्रेशन वाढतं. मी मुठीतल्या इंजिनात थेंबभर तेल सोडतो ते तिथूनच शिकलोय.

मी शेंगतेल घालतोय म्हटल्यावर ते म्हणाले, "नोझल चोंदंल." मी म्हटलं तात्या, ह्याला नोझलच नाही. मग त्यांनी सांगितलं की त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरला डिझेलची टंचाई झाली तेव्हा एका गुऱ्हाळवाल्याने शेंगतेलावर इंजिन चालवलं होतं. डिझेलवर सुरू करायचं, गरम झालं की तेलावर घ्यायचं, बंद करायच्या आधी परत डिझेलवर आणायचं. आवाज म्हणे उलट मऊ झाला होता. आठवड्याभरात नोझलच्या तोंडाला काळी खपली धरली, ती तात्यांनी पितळी ब्रशने काढली, परत धरली, परत काढली, शेवटी मालकाने नाद सोडला.

हे ऐकून मला पॅरिस आठवलं. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो नावाच्या कंपनीने एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. ते इतकं व्यवस्थित चाललं की बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तेल वेगळं आहे हे कळलं, असं खुद्द रुडॉल्फ डिझेलने पुढे नमूद करून ठेवलंय. प्रदर्शनात काही तास चालवणं वेगळं आणि गुऱ्हाळावर आठवडाभर चालवणं वेगळं. तेल डिझेलपेक्षा दहापट घट्ट, त्याचा फवारा जाड पडतो, पूर्ण जळत नाही, खपली धरते.

माझ्या इंजिनात नोझल नसलं तरी निकाल फार वेगळा लागला नाही. ईथरमुळे मिश्रण पातळ होतं, सुईतून जातं, इंजिन लागतंही, पण दमेकऱ्यासारखं. मिनिटाभरात आवाज पडायला लागतो, एक्झॉस्टमधून न जळलेलं तेल नुसतं पिचकतं. कारण आता एरंडेल आणि शेंगतेल मिळून निम्म्याहून जास्त बाटली तेलाचीच झाली, पेटायला लवकर तयार असं ईथर सोडून कुणीच नाही.

मग बायोडिझेल. तेल, मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक, एवढ्याने तेलाचा मोठा रेणू सुटा होतो, ग्लिसरीन खाली बसतं आणि वर जे उरतं ते जवळजवळ डिझेलइतकंच पातळ. तेल कुठलं घ्यायचं याचा फार विचार करावा लागला नाही, आमच्या ओढ्याच्या कडेला करंजाची झाडं आहेत. करंजेल कडू, खायला उपयोग नाही, पूर्वी दिव्यात जाळायचे, जनावरांच्या खरजेला लावायचे. देशात बायोडिझेलची चर्चा जोरात होती तेव्हा मोगली एरंडाबरोबर करंजाचंही नाव घेतलं जायचं. एका कृषी दुकानातून दोन लिटर आणलं, फवारणीसाठी विकतात ते. गडद तांबूस, उग्र वासाचं.

पहिला घाणा फसला. सगळं मापात केलं होतं, मिथेनॉलची वाफ विषारी असते म्हणून उघड्यावर, हातमोजे-चष्मा घालून केलं, रात्रभर ठेवलं, आणि सकाळी बघतो तर भांड्यात पिवळट जेली. चमचा उभा राहील अशी. साबण झाला होता सगळ्याचा. केमिस्ट्री शिकवणाऱ्या एका मित्राकडे उरलेलं तेल घेऊन गेलो, त्याने फिनॉल्फ्थॅलिन घालून थेंब-थेंब टायट्रेशन केलं आणि सांगितलं की यात मोकळं आम्ल खूप आहे, दोन-तीन टक्क्यांच्या वर गेलं की कॉस्टिकचा साबणच होणार. तेल असं का झालं हे मात्र मला घाणेवाल्याने सांगितलं. त्याने बोटावर थेंब घेतला, चोळला, वास घेतला आणि म्हणाला, "पावणं, बी पावसात भिजल्यालं हाय. झाडाखाली पडून ऱ्हायलं की आंबतंय." टायट्रेशनला अर्धा तास लागला होता.

त्यानेच मग मार्चमध्ये वेचून वाळवलेल्या बियांचं ताजं तेल काढून दिलं. ते जमलं. ग्लिसरीनचा गडद थर खाली, वर स्वच्छ मधाच्या रंगाचं. धुतलं, गरम करून पाणी घालवलं, गाळलं. छोट्या औषधाच्या बाटलीत थोडं घेतलं, त्यात नुसतं एरंडेल घातलं, ईथर न घालता, आणि हलवलं. एकजीव झालं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी किंचित धुरकट होतं, पण तळाला थर नाही. करंजाच्या बायोडिझेलचं एरंडेलाशी जमतं, रॉकेलचं जमत नव्हतं. मी ती बाटली तात्यांना दाखवली, बायकोला दाखवली, शेजारच्या पोराला दाखवली. मला फार आनंद झाला होता.

पस्तीस भाग ईथर, पंचवीस एरंडेल, चाळीस करंजाचं. बाभळीच्या ओंडक्याला इंजिन बोल्ट केलं, आठ बाय चार इंचांचा पंखा. इंजिनाच्या हवा घ्यायच्या तोंडावर बोट ठेवून पंखा दोनदा फिरवला, इंधन आत ओढलं, मग पंख्याला बोटाने फटका. या इंजिनाला सवयीचा हात लागतो, जास्त ओढलं की ओव्हर होतं, म्हणजे आत इंधन साचतं, आणि पंखा मध्येच दगडासारखा अडतो, तेव्हा जोर करायचा नाही, कॉम्प्रेशन ढिलं करून आतलं बाहेर पडू द्यायचं, नाहीतर रॉड वाकतो. आठव्या-नवव्या फटक्याला एकदम लागलं आणि उलटं फिरायला लागलं. या बनावटीत इंधन पिस्टनच्या कडेनेच आत येतं, त्यामुळे त्याला डावं-उजवं सारखंच, दोन्हीकडे तितकंच चालतं. बंद करून परत लावलं.

रॉकेलवर असताना याचा आवाज कोरडा, जरा चिडका असतो. करंजावर तो खाली आला, गोल झाला. टॅकोवर, म्हणजे फेरे मोजायच्या मीटरवर, दोन-तीनशे आरपीएम कमी दिसले, ते अपेक्षितच होतं, बायोडिझेलमध्ये उष्णता किलोमागे ३७-३८ मेगाज्यूलच, म्हणून सुई थोडी जास्त उघडावी लागली आणि टाकी लवकर संपली. वास मात्र बदलला, रॉकेलचा तो डोक्यात जाणारा वास नाही, कुठेतरी तळणीचा, कुठेतरी दिव्याच्या वातीचा. इंजिन तापलं तसा आवाज जड व्हायला लागला, मी सुईकडे बघत होतो, आणि व्हरांड्यातून तात्या म्हणाले, "ठोकतंय ते. कमी कर." कानाला मशीन लावून बसलेला माणूस, दहा फुटांवरून. काडी अष्टमांश फेरा मागे घेतली आणि आवाज मोकळा झाला. करंजाचं इंधन रॉकेलपेक्षा लवकर पेटतं, सीटेन, म्हणजे दाबाने पेटण्याच्या तयारीचा आकडा, जास्त असतो त्याचा, त्यामुळे गरम झाल्यावर कॉम्प्रेशन नेहमीपेक्षा आधी आणि जास्त सोडावं लागतं हे पुढच्या पाच-सहा वेळांत पक्कं झालं.

आता खरा प्रश्न. एरंडेल बांधून ठेवायला ईथर लागत नाही, मग ईथर कमी करता येईल का? मला हे मनापासून हवं होतं, कारण या सगळ्यात धोक्याचं आणि मिळायला अवघड तेवढंच आहे. तीस भागांवर आणलं, लागलं, फटके जास्त मारावे लागले. पंचवीसवर आणलं तेव्हा स्क्रू इतका आवळावा लागला की पंख्याने बोटावर उलटा फटका दिला, नख काळं पडलं, मी थांबलो. दोन टक्के नायट्रेट घालून अठ्ठावीसपर्यंत जमलं. त्याच्या खाली नाही. म्हणजे बांधण्याचं काम करंजाने उचललं पण थंड इंजिनात पहिली ठिणगी, किंवा ठिणगीशिवायची ती पहिली पेट म्हणू, ती ईथरचीच.

हवा-इंधन आधीच मिसळून नुसत्या दाबाने पेटवायचं या कल्पनेवर मोठ्या गाड्यांच्या इंजिनांत कितीतरी वर्षं संशोधन चाललंय, एचसीसीआय म्हणतात त्याला. धूर कमी, इंधन कमी, पण पेट नेमकी कधी घेईल यावर ताबा ठेवणं महाकठीण. माझदाने २०१९ मध्ये त्याच्या जवळ जाणारं इंजिन बाजारात आणलं तेव्हा ताबा ठेवायला स्पार्क प्लगचीच मदत घेतली. आमच्याकडे तो ताबा म्हणजे एक काडी, दोन बोटं आणि व्हरांड्यातले तात्या. ईथरचं धाकटं भावंड डायमिथाइल ईथर, डीएमई, यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम चालतं, २०२० मध्ये त्यांनी एलपीजीत डीएमई मिसळून चालणारा बर्नरही दाखवला. डिझेलला पर्याय म्हणूनही ते चांगलं मानतात, पण ते उणे पंचवीस अंशांलाच वायू होतं, माझ्या बोटभर टाकीत कसं भरणार.

पंधरा टाक्या जाळून झाल्यावर इंजिन उघडलं. पांढरा रुमाल अंथरला आणि एकेक भाग मांडला. पिस्टनच्या डोक्यावर तपकिरी, गुळगुळीत लेप, नखाने खरवडला तर निघाला, शेंगतेलाच्या वेळी जी काळी खरबरीत खपली होती ती नाही. रॉडचं मोठं टोक क्रँकपिनवर धरून हलवलं, खेळ पूर्वीइतकाच. कडेला साठलेलं तेल बोटावर घेतलं, तांबूस आणि स्वच्छ, लोखंडाची काळी झाक नव्हती. फक्त टाकीपासूनची नळी मऊ पडून फुगली होती. रबर करंजाच्या बायोडिझेलला टिकत नाही, सिलिकॉन या इंधनात आधीपासूनच चालत नाही, पीव्हीसी ईथरने हळूहळू कडक होते. आता पीव्हीसीच लावलीय, दोन महिन्यांनी बदलायची.

बाटलीवर तारीख आणि प्रमाण लिहून ठेवलंय, बूच दोनदा तपासलं. पुढच्या वेळी एरंडेल पंचवीसचं बावीस करून बघावं असं मनात होतं, तात्यांना विचारलं. त्यांनी रॉड हातात घेतला, भोकातून उजेडाकडे बघितलं आणि म्हणाले, "तेल कमी करू नको." ते पंचवीसच ठेवलंय. मार्चमध्ये ओढ्यावर शेंगा वेचायला जायचंय, पाऊस यायच्या आत.